काही काम नाही भाऊ, फक्त चालवा!

सेकंडहँड किट कारच्या, म्हणजे सुट्या भागांतून जोडलेल्या गाडीच्या, जाहिरातीत हे वाक्य असतंच असतं. सोबत नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी काढलेले सहा फोटो, संत्र्यासारखा चकाकणारा रंग, आणि किंमत अशी की वाटावं थेट कंपनीतून उतरली. कंपनी कुठली बे? कोण्या शेडमध्ये जुन्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स काढलं, चौकोनी पाइपांच्या सांगाड्यात बसवलं, वरून फायबर चढवलं. असल्या गाडीत विकत घेतला जातो तो जोडणाऱ्याचा हात. आणि घेणारे पाहतात काय, तर अलॉयची चाकं आणि सायलेन्सरचा आवाज! खाली वाकून पाहायला काहून जिवावर येतं?

कागदांपासूनच डोकं फिरायला सुरुवात होते. 'आरसी क्लिअर आहे' म्हणे. आरसीवर चार सीटची हॅचबॅक, समोर उभी दोन सीटची उघडी गाडी, आणि हे क्लिअर! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विकणारा हात झटकून मोकळा होतो, कारण तोवर मालक तुम्ही झालेले असता. इंग्लंडात लोटस सेव्हन १९५७ पासून सुट्या भागांत मिळायची, घरी जोडायची, तिथे अशा गाड्यांना तपासून रस्त्यावर आणायची वेगळी सोय आहे. आपल्याकडे 'चालते ना भाऊ' एवढीच सोय.

म्हणून आधी नंबर टाकून परिवहन अ‍ॅपवर पाहा: इंजिन किती सीसी, सीट किती, बॉडीचा प्रकार काय, कर्ज चढलेलं आहे का, नोंदणीची मुदत कधी संपते. पंधरा वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी करावी लागेल, आणि तिथे तिचं सोंग उघडं पडेल. मग चेसिस नंबर बोटाने चाचपा. अक्षरं वाकडीतिकडी, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा, किंवा नंबरचा तुकडाच वेल्डिंगने चिकटवलेला दिसला की तिथूनच माघारी फिरा. विमा कंपनीला बदल कळवलेत का, तेही लेखी पाहा. नसतील कळवले तर अपघातानंतर क्लेम अडकणार.

आता फायबर. फायबरची गाडी दाखवतात हमखास संध्याकाळी, कारण ऊन सगळं सांगून टाकतं. साधं पॉलिएस्टर रेझिन, भट्टीत न तापवता नुसतं शेडमध्ये वाळवलेलं, साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ अंश असतं, गडद रंगाचं बॉनेट उन्हात किती तापत असेल? त्यामुळे दरवाजे लटकतात, बॉनेट मधून बसतं, फटी एकीकडे करंगळी जाईल एवढ्या तर दुसरीकडे पुठ्ठाही जाणार नाही. गाडी दुपारी दोनला, दोन तास उन्हात उभी असताना पाहा. बिजागरं, कुलपं, चाकांच्या कमानी इथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा शोधा. नाण्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटलेत किंवा पुटी कोंबली आहे.

वायरिंगचा विषय निघाला की खरं तर तर्री डोक्यात चढते. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत स्वतंत्र अर्थिंगची तार लागते. शंभर दीडशेची तार वाचवायला वायरमन चार दिव्यांची अर्थिंग एका गंजक्या बोल्टवर बांधतो. मग इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकते, ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा काटा नाचतो. आणि विकणारा म्हणतो, 'बल्ब बदलून टाका.' मल्टिमीटर न्या, दिवे लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थिंगला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर जोड खराब. एवढं दोन मिनिटांचं काम कोणी करत नाही!

इंजिन थंडच मागा. पोहोचायच्या आधी 'गरम करून ठेवली' म्हणाला तर थंड इंजिन सुरू होतानाची खडखड आणि धूर लपवलाय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या; तो एकमेकांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेगळा नको. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असेल तर लांब पाइपात हवा अडकते आणि वरच्या टोकाला हवा काढायचा बोल्ट नसेल तर व्हरायटी चौकाच्या गर्दीत तापमानाचा काटा लालमध्ये जातो. वीस मिनिटं आयडलवर, म्हणजे जागेवरच चालू, ठेवा, पंखा आपोआप सुरू होतो का, बंद होतो का, पाहा. पेट्रोलचे जुने रबरी पाइप दाबून बघा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते फुगतात, तडकतात. इंजेक्शनच्या गाडीला कार्ब्युरेटरवाला पाइप लावणारे महाभागही आहेत. इंजेक्शनचा जास्त दाब त्या पाइपाला सोसवत नाही, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट.

सांगाडा रॅम्पवर घ्या. सस्पेन्शन जिथे जोडलंय त्या वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी भेग, पाइपाच्या खालच्या बाजूला गंज, नरेंद्रनगरच्या पुलाखालच्या पाण्यात गेलेल्या गाडीचा आतला कुजका वास, सगळं तिथे सापडतं. हातोडीने हलकं ठोका. मेजर टेपने सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा. पाच मिलिमीटरच्या वर फरक निघाला तर सांगाडा वाकलाय. बोल्टवर ८.८ चा, म्हणजे मजबुतीच्या दर्जाचा, शिक्का हवा, नटाबाहेर दोन आटे दिसायला हवेत. स्टिअरिंग पूर्ण वळवा, ब्रेकचा रबरी पाइप टायरला घासतो का बघा. मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून जोरात ब्रेक मारा. मागची चाकं आधी लॉक होत असतील तर पावसात ही गाडी गरकन फिरेल.

आणि सीटबेल्ट! फायबरला भोक पाडून, मागे लोखंडी पट्टी न लावता बसवलेले बेल्ट! ते धक्क्यात पॅनेलसकट उपटून येतात. असला बेल्ट लावणाऱ्याने बाकी काय जोडलं असेल, याचा विचार करूनच पुढे बोला.

शेवटी बाळबोध प्रश्न विचारा: समोरची काच, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेअरिंग कोणत्या गाडीचं? यादी आणि बिलं असतील तर त्याने गाडी जपली आहे. 'मिळून जाते ना कॉटन मार्केटात' म्हणाला, किंवा रॅम्पवर घ्यायला नाही म्हणाला, तर चावी टेबलावर ठेवायची, चहा घ्यायचा नाही, आणि सरळ ऑटोत बसायचं.