"पहिली क्लिप टाका, येस म्हणा, विषय संपला" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची कॉमेंट नीट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की व्हिडिओ एडिटिंगची टाइमलाइन (क्लिप ओळीने जोडतो ती पट्टी) कशी सेट करायची हे सांगताना मी उगाच गुंता केलाय, एडिटिंगचं सॉफ्टवेअर पहिल्या क्लिपला "सेटिंग बदलू का" विचारतं तेव्हा येस करायचं आणि मोकळं व्हायचं, आणि ४के (३८४० बाय २१६०) शूट केलंय तर टाइमलाइन १०८०ची (१९२० बाय १०८०) ठेवायला का सांगताय.

बघा, एकाच कॅमेऱ्यावर शूट केलं आणि त्याच मापात द्यायचं असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर, येस करा. पण तुम्हीच लिहिलंय की विसर्जन मिरवणुकीचं फुटेज आहे, दोन कॅमेरे ४के २५वर (फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम), मित्राचा फोन ३०वर, आणि ढोल-ताशा पथकाला रील पण पाहिजे, यूट्यूबला पण टाकायचंय. इथे पहिली क्लिप चुकून फोनची पडली की अख्खी टाइमलाइन ३०ची होते, आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक सेकंदात पाच फ्रेम डबल दाखवाव्या लागतात. लक्ष्मी रोडवर पथकासमोरून कॅमेरा सावकाश फिरवलेला शॉट लावून बघा, ढोलांची रांग सरकताना मधेमधे अडखळते. लोकांना कारण कळत नाही पण खुपतं नक्की.

म्हणून मी फ्रेम रेट आणि रिझोल्यूशन (चित्राचं माप) वेगळं धरायला सांगतो. फ्रेम रेट फुटेजवरून ठरवायचा, म्हणजे जास्त आणि महत्त्वाचं फुटेज ज्यात आहे तो, तुमच्या केसमध्ये २५. फोनच्या क्लिपमधली दर सहावी फ्रेम जाईल, ते शॉट छोटे ठेवा आणि शक्यतो कॅमेरा स्थिर असलेले घ्या. रिझोल्यूशन मात्र कुठे द्यायचंय त्यावरून. आणि हा फरक मी हौस म्हणून करत नाहीये, डाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर काम सुरू झालं की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही, रिझोल्यूशन कधीही बदला. म्हणजे एक निर्णय आधीच नीट घ्यावा लागतो, दुसऱ्याला घाई नाही.

आता ४के. फुटेज ४केच राहतं हो, १०८०च्या टाइमलाइनवर टाकलं म्हणून वाया जात नाही. उलट रीलसाठी तेच कामाला येतं, कारण ३८४० बाय २१६० मधून उभी ९:१६ ची चौकट कापली तर १२१५ बाय २१६० उरते, १०८० बाय १९२० साठी पुरून उरेल इतकी. तीच चौकट १०८०च्या फुटेजमधून कापली तर रुंदी जेमतेम ६०७, मग ताणायचं पावणेदोन पटीच्या वर, ताशावाल्याचा चेहरा मऊ होणारच. यूट्यूबला ४के द्यायचं असेल तर जरूर द्या, तिथे ४केला बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) जास्त मिळतो, फक्त फोनची क्लिप १०८०ची असेल तर ती शेजारी उठून दिसेल हे धरून चला.

फोनचं अजून एक, आणि हे खरंच महत्त्वाचंय. बरेच फोन फ्रेम रेट सतत कमीजास्त करतात, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू सरकतो, सुरुवातीला टिपरू (ढोल वाजवायची काठी) आणि ठोका बरोबर असतो आणि शेवटाकडे टिपरू पडून गेल्यावर आवाज येतो. इतर कुठे एवढं चालून जाईल, ढोलाला अजिबात नाही. तेव्हा फोनच्या क्लिप आधी हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या फ्रेम रेटने काढून घ्या, मगच आत आणा.

पुढच्या वर्षी मित्राच्या फोनला २५चा ऑप्शन असेल तर तोच लावा, नसेल तर मॅन्युअल अ‍ॅपमधून मिळतो का बघा, आणि शटर स्पीड सगळ्यांचा १/५० सेकंद. आपली लाईट ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या साध्या ट्यूब आणि हॅलोजन लुकलुकणार नाहीत, एलईडी स्क्रीनचं मात्र जागेवर टेस्ट करूनच बघावं लागेल.

स्लो मोशन पाहिजे असेल ते शॉट ५०वर घ्या, २५च्या टाइमलाइनवर बरोबर निम्म्या वेगाने चालतात आणि नॉर्मल स्पीडला ठेवले तरी एकाआड एक फ्रेम सुटते, त्यामुळे अडखळत नाहीत.