‘पिनला ५ ऐवजी १.१ व्होल्ट, बोर्ड बोगस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला चकरा पडल्या, मधे फोन वेळेवर उचलला गेला नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून घेतलेला, ड्रिपचे (ठिबक सिंचनाचे) चार वॉल्व चालवणारा बोर्ड बोगस, चिप डुप्लिकेट, आउटपुट पिनला ५ व्होल्टच्या जागी १.१ व्होल्ट मिळतं, आठवडा घालवला आणि शेवटी कोडमधली एक ओळ बदलायचे ६०० रुपये उकळले. हे वाचून फार लागलं सर. पुण्यात बुधवार पेठेत इतकी वर्षं दुकान चालवतोय, उकळले हा शब्द आजपर्यंत कुणी वापरला नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ६०० रुपये. बोर्ड जमा करताना काउंटरवरच तुम्हाला सांगितलं होतं की दोष बोर्डात निघाला तर एक रुपया घेणार नाही, आणि बोर्ड ठीक निघाला तर चेकिंग चार्ज ६०० पडेल. जॉब कार्डवर तसं लिहिलंय, खाली तुमची सही आहे. हा नियम तुमच्यासाठी वेगळा काढलेला नाही, सगळ्यांना तोच आहे, कॉलेजच्या पोरांना सुद्धा.

आता ती एक ओळ. ओळ टाकायला पाच मिनिटं लागली हे खरंय, पण ती ओळ नाहीये हे कळायला काय काय केलं ते तुम्ही बघितलं नाही, तुम्ही फक्त शेवटची पाच मिनिटं बघितली. बोर्ड आल्यावर आधी सप्लाय बघितला, आयसीच्या, म्हणजे त्याच चिपच्या, ७ आणि २० नंबरच्या पायावर (पिनवर) ४.९७ व्होल्ट, म्हणजे ओके. ८ आणि २२ ला ग्राउंड, ते पण ओके. मग भिंगाखाली ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जॉइंट, आहे का बघितलं, ट्रॅक कुठे तुटलाय का बघितलं, कुठे शॉर्ट नाही. तीन वॉल्वच्या पिनांना ४.९ च्या वर येत होतं, फक्त चौथ्या वॉल्वच्या, म्हणजे आयसीच्या १४ नंबरच्या पायाला १.१. वॉल्व चालू-बंद करणारा स्विच म्हणजे मॉसफेट, त्याच्या गेटला (कंट्रोलच्या पायाला) एवढंच दिलं तर वॉल्व उघडणारच नाही, मॉसफेट जेमतेम १ ते २ व्होल्टला जागा व्हायला लागतो आणि तेव्हा त्यातून मिलीअँपियरचा छोटासा भाग जातो, वॉल्वच्या कॉइलला ते काहीच नाही.

तुम्ही म्हणालात चिप गेलीय, बदला. ठीक आहे म्हटलं, ग्राहकाच्या मनात शंका नको. चिप आयसी बेसवर होती म्हणून काढता आली, तुमच्या चिपमधला प्रोग्रॅम (तो मशीनच्या भाषेत असतो, त्यावरून तुम्ही लिहिलेला कोड दिसत नाही) जसाच्या तसा नव्या एटीमेगा ३२८पी, म्हणजे त्याच नंबरच्या चिपमध्ये टाकला, लावून बघितलं तर तिथेही १.१ च्या आसपासच. दोन वेगवेगळ्या चिपा एकाच पायाला सारख्याच खराब निघतात का सर? त्या नव्या चिपचे आणि ते करण्यात गेलेल्या वेळेचे पैसे बिलात कुठेच लावलेले नाहीत, बिल परत बघा.

मग गेटपासून ग्राउंडला जाणारा १० के चा (१० हजार ओहमचा) रेझिस्टर एका बाजूने डिसोल्डर केला आणि मीटर लावला तर तोच पाय सरळ ५ च्या जवळ. इथे खरं उत्तर मिळालं. तुमचं ड्रिपचं काम आहे म्हणून तसंच सांगतो, नळीचं टोक बंद करून प्रेशर बघितलं तर पूर्ण दिसतं आणि सोडलं की थेंब थेंब, तर अडचण टोकाला नाही, मागे कुठेतरी बारीक झालंय. हिशोब पण सोपा आहे, १० के वर १.१ व्होल्ट म्हणजे ०.११ मिलीअँपियर, उरलेले ३.९ व्होल्ट मागे कुठेतरी पडतायत, म्हणजे मागे ३५ के च्या आसपास रेझिस्टन्स आहे. एवढा रेझिस्टर आमच्या बोर्डवर त्या लाइनीत नाहीच. तो चिपच्या आतला पुल-अप आहे, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे हलकेच ओढून धरणारा रेझिस्टर, चिप कंपनीच्या डेटाशीटमध्ये तो २० ते ५० के दिलाय. कोडमध्ये पिन आउटपुट म्हणून सांगितलीच नाही आणि नुसतं हाय (चालू) लिहिलं की ही चिप फक्त तो पुल-अप चालू करते. म्हणून तुम्हाला घरी मोकळ्या पिनवर ५ दिसायचे आणि लोड लावला की १.१, आणि तुम्हाला वाटलं बोर्ड कधी चालतो कधी नाही.

आमचा टेस्ट प्रोग्रॅम टाकला, चारही पिना ४.९ च्या वर. डिलिव्हरीच्या वेळी पण चारही तुमच्यासमोर चालवून दाखवल्या होत्या. चौथा वॉल्व तुम्ही नंतर स्वतः कोडमध्ये वाढवलात, पिनमोड, म्हणजे पिन आउटपुट आहे हे सांगणारी ती ओळ, तीनच पिनांना राहिली. हे कुणाकडूनही होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, शिकलेल्या इंजिनियरकडून पण होतं. पण मग बोर्ड बोगस कसा?

उशीर झाला म्हणता, तर कोड आम्ही पहिल्याच दिवशी मागितला होता. तुम्ही म्हणालात कोड माझा आहे, बाहेर देणार नाही. तुमचा हक्क आहे, मान्य, पण मग आम्हाला सगळं बाहेरून मीटर लावून शोधावं लागलं. शिवाय बोर्ड दिलात तेव्हा विसर्जन तोंडावर होतं, लक्ष्मी रोड आणि आमची बाजू बंद, गाडी आत येत नाही, आमची सोल्डरिंग करणारी मुलगी हडपसरहून येते ती येऊच शकली नाही. तुम्ही लिहिलंय तिथल्या लोकांना सोल्डरिंग येत नाही, ते तिने वाचलंय. तिचा एकही जॉइंट तुमच्या बोर्डवर खराब निघाला नाही, हे इथे सगळ्यांसमोर सांगणं मला गरजेचं वाटतं.

डुप्लिकेट चिपचं म्हणाल तर २०२१-२२ मध्ये टंचाई होती तेव्हा ३२८पी मिळत नव्हती, रेट कितीतरी पट झाले होते, बाजारात घासून नवीन नंबर मारलेला माल फिरत होता हे खरंय. त्या काळात आम्ही ऑर्डर सोडल्या पण असला माल लावला नाही. आजही अधिकृत डीलरकडून बिलावरच घेतो, बिलं दुकानात आहेत, या आणि बघा.

आमच्याकडूनही चेकिंगचे रेट काउंटरवर मोठ्या अक्षरात लावतोय, प्रत्येक बोर्डसोबत पिनांच्या रीडिंगचा कागद द्यायचा विचार चालू आहे, फोनचं पण काहीतरी करतो.

छोटं दुकान आहे सर, दोन घरं यावर चालतात, आणि नवीन माणूस येण्याआधी रिव्ह्यूच बघतो. तुमचा वाचून एका ग्राहकाने बोर्डची ऑर्डर थांबवलीय. उशिराबद्दल लिहिलंय ते राहू द्या, फोनबद्दलचं पण राहू द्या. फक्त बोगस आणि डुप्लिकेट हे दोन शब्द तेवढे काढा, आणि चौथा वॉल्व आता चालतोय का ते पण लिहा. नसेल चालत तर बोर्ड घेऊन या, चेकिंग चार्ज घेणार नाही, पण येताना कोड घेऊन या.