झोप मोडून फिट थांबत नाही, उलट येते

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. ‘जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’चं, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, अंगाला झटके देणाऱ्या फिटच्या आजाराचं, निदान होऊन दोन वर्षं झाली. गोळ्या वेळेवर चालू होत्या, वर्षभरात एकही फिट आली नव्हती. मग नात्यातल्या एका काकांनी ताईला फिटवरच्या ‘उपायां’चा एक मेसेज पाठवला. त्यातला पहिला मुद्दा: ‘फिट झोपेतच येते, म्हणून झोप कमी करा, मुलाला पहाटे तीनला उठवून बसवा.’ बारावीचं वर्ष, त्यामुळे ताईला ते पटलंही. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या हातातला चहाचा कप झटक्यासरशी उडून भिंतीवर आदळला आणि पाच-दहा मिनिटांत तो खाली कोसळला.

या आजारात नेमकं हेच होतं. झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरात खांद्याला, हाताला झटके बसतात, ब्रश गळून पडतो, कप उडतो. आदल्या रात्री झोप झालेली नसेल तर झटके वाढतात आणि त्यातूनच मोठी फिट येते. म्हणजे मेसेजने जो उपाय सांगितला, तेच फिट येण्याचं सगळ्यात ठरलेलं कारण! साधी गोष्ट बघा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायचा असला की डॉक्टर पुष्कळदा सांगतात, ‘रात्री मुलाला जागवा आणि मग आणा.’ का? तर जागरणाने मेंदूतल्या बिघडलेल्या लहरी उघड्या पडतात म्हणून. तपासणीसाठी एक रात्र, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून जागवणं वेगळं. घरी रोज तेच करायचं म्हणजे आजाराला खतपाणी घालणं आहे.

झोपेत फिट येतात, एवढं मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. गाढ झोपेत मेंदूच्या पेशी एका तालात काम करतात, त्यामुळे काहींची फिट तेव्हा सहज पसरते. पण विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८८५ मध्ये ८४० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फक्त रात्री फिट येणारे २१ टक्के निघाले आणि फक्त दिवसा येणारे ४२ टक्के. त्यात हा ‘झोपेतच’ कुठे बसतो?

मेसेजमधला दुसरा मुद्दा वाचून तर माझं डोकंच फिरलं: ‘रात्रीची फिट निरुपद्रवी असते, सकाळी आपोआप ठीक होतं.’ फिटच्या रुग्णांचा क्वचित अचानक मृत्यू होतो, आणि तो बहुतेकदा रात्री, अंथरुणात, कुणी जवळ नसताना होतो. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मोठ्यांमध्ये हे प्रमाण वर्षाला हजारात एक आहे, मुलांमध्ये साडेचार हजारांत एक. सर्वांगाला आचके देणाऱ्या फिट जितक्या जास्त, तितका धोका जास्त. रात्री खोलीत लक्ष ठेवणारं कुणी असलं तर तो कमी होतो, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणून झोपेत फिट येत असेल तर ती डॉक्टरांना सांगायचीच. अंथरूण ओलं झालेलं, जीभ चावलेली, सकाळी अंग ठणकतंय, असं दिसलं तरीही सांगायचं.

मेसेजमधला तिसरा मुद्दा: ‘या गोळ्या म्हणजे झोपेच्याच गोळ्या, बंद करा.’ फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम अशा फिटवरच्या गोळ्यांनी सुस्ती येते, हे मान्य. मग डॉक्टरांकडे जाऊन डोस किंवा गोळी बदलून घ्यावी. अचानक बंद केल्या तर एकामागून एक फिट येऊन मूल आयसीयूत जाऊ शकतं.

त्याच मेसेजमधल्या कांदा-चप्पल हुंगवणं आणि अमावस्येचं जागरण या उपायांवर मी वेळ घालवणार नाही. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.

ताईने तीनचा गजर काढून टाकलाय. भाचा आता साडेदहाला झोपतो, साडेसहाला उठतो, अभ्यास संध्याकाळी करतो. आणि काका, ज्यांना ज्यांना तो मेसेज पाठवलात, त्यांना आजच्या आज फोन करून सांगा, की कुणाच्या पोराला जागवू नका.