“गुडघाभर पाण्यात नेऊन डायव्हिंगचे पैसे घेतले” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

राम राम भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तक्रारी चार आहेत: लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये (बेटाजवळच्या उथळ, शांत पाण्यात) पाच-सहा मीटरच खाली नेलं, इन्स्ट्रक्टरने पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा सोडलाच नाही, मुलाला उतरू दिलं नाही आणि प्रवाळ फोटोतल्यासारखं रंगीत नव्हतं. जळगाव-भुसावळची बरीच मंडळी हे वाचून आमच्याकडे विचारणा करतायत, म्हणून उत्तर इथेच देतो.

“लहानपणापासून तापीत पोहणाऱ्याला पोरासारखं धरून ठेवलं,” असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, पट्टा धरला तो तुम्ही पट्टीचे पोहणारे आहात म्हणूनच. नदीत, विहिरीत बुडी मारणारा माणूस श्वास कोंडतो, ती सवय हाडात मुरलेली असते. स्कुबात, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली फिरताना, नेमकं तेच करायचं नसतं. पाच मीटरवर टाकीतून घेतलेला श्वास कोंडून वर आलात, तर तीच हवा दीडपट फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. दीड मीटरवरूनही असे अपघात झालेले आहेत. तुमचे बुडबुडे थांबले की इन्स्ट्रक्टर तुमच्या काचेसमोर बोटं हलवत होता, आठवतंय? “श्वास सोडा” म्हणून सांगत होता.

उथळ म्हणजे सोपं, हा समजच मुळात चुकीचा आहे. वरून १० मीटर खाली गेलं की हवेचं आकारमान निम्मं होतं. पुन्हा निम्मं व्हायला आणखी २० मीटर जावं लागतं. म्हणजे कानावर सगळ्यात झपाट्याने ताण येतो तो वरच्याच पाण्यात. मुलाचं नाक चोंदलेलं होतं. दोरीला धरून मीटरभर गेला, नाक दाबून जोर लावला, पण डावा कान मोकळा होईना. चेहरा कसनुसा करून हात कानाकडे नेला, तिथेच त्याला वर आणलं. आणखी खाली नेला असता तर कानाचा पडदा फाटू शकला असता. त्याच्या डायव्हचे पैसे त्याच संध्याकाळी परत दिले आहेत, हे रिव्ह्यूत यायला हवं होतं.

परतीच्या दिवशी सकाळी तुम्हाला अजून एक डायव्ह हवा होता आणि दुपारी कोचीचं विमान. एका डायव्हनंतरसुद्धा विमानात बसण्याआधी किमान १२ तास जाऊ द्यायचे असतात, जास्त डायव्ह झाले असतील तर १८. दुप्पट पैसे दिले तरी आम्ही तो करणार नाही.

आता प्रवाळाचं. हे लिहिताना मलाही वाईट वाटतं. प्रवाळाचा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. समुद्र काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त तापला की ते शेवाळ बाहेर पडतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. आपल्याकडे मे महिन्यात केळीची पानं करपतात, तसाच उन्हाळा त्याला लागतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला हे मोठ्या प्रमाणावर झालं. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. म्हणूनच हात लावू देत नाही, आणि पिशवीतला तुकडा परत ठेवायला लावला तोही त्यासाठीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. बोटीवर सगळ्यांसमोर बोलल्याचा तुम्हाला राग आला, पण तिथे गप्प बसणं मला जमणार नाही.

त्याच पाण्यात पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, त्याचा करकर आवाज तुम्ही स्वतः ऐकलात आणि वर आल्यावर सगळ्यांना सांगितलात. ते पाच-सहा मीटरवरच होतं, भाऊ.

मुलाला पुन्हा उतरायचं असेल तर पावसाळा संपल्यावरच्या ग्रुपमध्ये घेऊ. त्याआधी इथल्याच तलावात त्याच्याकडून कान मोकळे करायचा सराव करून घेतो, त्याचे पैसे नाहीत. लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याला वेळ लागतो, तेव्हा कागदपत्रं लवकर पाठवा. आणि निघायच्या आठवड्यात सर्दी असेल तर मंगला एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधीच मला फोन करा.