सव्वासात की सव्वाआठ?

"म्हणजे तू तिकडे जर्मनीत जाऊन पोरं सांभाळणार?" आईने विचारलं. "इथे दादाच्या पोराला पाच मिनिटं घे म्हटलं की तुला नेमका फोन येतो."

बाबांनी मिरजेच्या नातेवाइकांना 'सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी निघाली आहे' असं सांगून टाकलं. ते काही खोटं नव्हतं. मी निघाले होते 'ओ-पेअर' म्हणून. 'ओ-पेअर' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी 'बरोबरीच्या नात्याने'. जर्मनीत तुम्हाला घरात स्वतंत्र खोली, जेवण, विमा, महिन्याला २८० यूरो हातखर्च आणि भाषेच्या क्लाससाठी वर ७० यूरो मिळतात. बदल्यात मुलं सांभाळायची, आठवड्याला फार तर ३० तास. अर्ज करताना वय २७च्या आत लागतं. माझं सव्विसावं सरत आलं होतं, त्यामुळे स्थळ बघावं तशा घाईने मी कुटुंब पसंत केलं. पुण्यात ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, पास झालेली होतेच. एसलिंगेनजवळच्या त्या घरात पाऊल ठेवलं, तेव्हा 'बरोबरीचं नातं' म्हणजे काय ते कळलं. घरातले चिरंजीव चार वर्षांचे होते, आणि माझं जर्मन त्यांच्या बरोबरीचं होतं. खरं तर ते थोडे पुढेच होते.

पहिली संध्याकाळ. सहा वाजता जेवण. जेवण म्हणजे पाव, चीज आणि काकडीच्या चकत्या, सगळं गार. त्याला म्हणतातच 'आबेंडब्रोट', म्हणजे संध्याकाळचा पाव, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मी काटा मागितला : "डेर गाबेल."

चिरंजीवांनी काकडी खाली ठेवली. "डी गाबेल."

'डेर' म्हणजे तो, 'डी' म्हणजे ती. चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. एका ताटाभोवती तीन वस्तू आणि तिघींची तीन लिंगं. पुढे कळलं की सूर्यसुद्धा बाई आहे. रोज सकाळी ज्यांना पाणी द्यायचं ते सूर्यनारायण इथे 'डी झोने'! चंद्र पुरुषच आहे, म्हणून चांदोमामा तेवढे वाचले. आणि मुलगी? ती नपुंसकलिंगी.

क्लासमधल्या ब्राझीलच्या मुलाला दोनच लिंगांची सवय. मी त्याच्यापुढे ऐटीत सांगितलं, आमच्यात तीन असतात. पण ती आपण पाठ कुठे केलेली असतात? आईला फोनवर विचारलं, खुर्ची 'ती' का गं? आई म्हणाली, "मग काय 'तो खुर्ची' म्हणणार?" चिरंजीवांचंही स्पष्टीकरण शब्दशः हेच असायचं.

यातून मला सोडवलं ओमाने, म्हणजे चिरंजीवांच्या आजीने. ओमा अस्सल श्वेबिश बोलायची. पुण्यात शिकलेलं प्रमाण जर्मन घेऊन तिच्यापुढे उभं राहणं म्हणजे पुस्तकी मराठी घेऊन थेट मालवणच्या मासळीबाजारात शिरणं. पण त्या बोलीत एक रत्न आहे : शब्दाच्या शेवटी 'ले' लावायचं. घराचं होतं घरकुल, चमच्याचं चमचुकलं. आणि 'ले' लागलं की शब्द हमखास नपुंसकलिंगी! आपलं लेकरू, वासरू, कोकरू जसं 'ते', अगदी तसं. बस्स. त्या दिवसापासून मी दिसेल त्याला 'ले' लावत सुटले. काट्याला, पिशवीला, बसला, एकदा तर चिरंजीवांच्या दोन टनी पिवळ्या जेसीबीला. (दोन टनी हे त्यांचं म्हणणं. खेळण्यातला होता.) हा अपमान त्यांनी दोन दिवस मनात ठेवला.

मग आला तो मंगळवार. बालवाडीची सहल होती, स्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयात, गोरिला बघायला. आदल्या रात्री ओमाने बजावलं : बसथांब्यावर 'फीअर्टल आख्ट'. फीअर्टल म्हणजे पाव, आख्ट म्हणजे आठ. पाव आणि आठ, सव्वाआठ. सव्वा-दीड-अडीचकी येणाऱ्या घराण्यातली मी. मला कोण शिकवणार?

आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही थांब्यावर हजर. चिरंजीवांच्या पाठीवर दप्तर, दप्तरात सफरचंदाच्या फोडी. थांब्यावर शुकशुकाट.

"बस गेली," चिरंजीव म्हणाले.

"नाही गेली."

"डॉख!"

'डॉख' म्हणजे समोरच्याचं 'नाही' एका फटक्यात उडवून लावणारा शब्द. आपल्याकडे तेवढ्यासाठी 'गेली, गेली, गेली!' असं पाय आपटत म्हणावं लागतं. चिरंजीवांनी पायही आपटले. मग दप्तर फेकलं. मग स्वतःला फेकलं. चार वर्षांचं मूल फुटपाथवर आडवं पडून 'गोरिला' असा टाहो फोडतं, तेव्हा ए-वनचं पुस्तक अगदी कुचकामी ठरतं. त्यात सगळे लोक एकमेकांना छंद विचारत असतात. शेवटी एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, बाड कानश्टाट स्टेशनपर्यंत आणि पुढे पायी, असा आम्ही गोरिला गाठला. गोरिला पाठ करून बसला होता.

संध्याकाळी ओमाने कागदावर घड्याळ काढलं. सात वाजले की आठवा तास सुरू होतो. तो पाव भरला की फीअर्टल आख्ट, म्हणजे आपले सव्वासात. अर्धा भरला की हाल्ब आख्ट, साडेसात. पाऊण भरला की ड्रायफीअर्टल आख्ट.

"पावणेआठ!" मी ओरडले. "हे आमच्याकडेही असंच!"

"मग सव्वासातला आठ का धरत नाही?"

"तिथे आम्ही सात धरतो."

ओमाने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे साडेसातपर्यंत तुम्ही मागे बघता आणि पावणेआठला पुढे?"

आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत. इतक्या वर्षांत या बहिणींनी एकमेकींना कधी वेळ विचारलीच नाही की काय?

अकराव्या महिन्यात मी बी-वनच्या, म्हणजे ए-वनहून दोन पायऱ्या वरच्या, तोंडी परीक्षेला बसले. त्यात जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं असतं. माझा जोडीदार तोच ब्राझीलचा, आणि विषय सहकाऱ्याचा निरोपसमारंभ. मी पाण्यासारखी बोलत होते. भेटवस्तुले आणू, केकले कापू. दोन परीक्षकांपैकी वयस्क बाई मान खाली घालून लिहीत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. भेटायचं कधी, त्याने विचारलं. मी तोऱ्यात म्हणाले, "फीअर्टल आख्ट."

"छान," तो म्हणाला, आणि समोरच्या कागदावर त्याने व्यवस्थित लिहिलं : ८.१५.

"नाही," मी म्हटलं.

"डॉख," तो म्हणाला.