कंसातलं सोडून द्या म्हणे!

"इंग्रजीत कंसातलं किंवा दोन स्वल्पविरामांमधलं म्हणजे जादा माहिती, गाळली तरी अर्थ तोच. कंस, डॅश, स्वल्पविराम सगळं एकच. पूर्णविराम नेहमी कंसाच्या आत." हा मेसेज आठवडाभर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. मी इथं इंग्रजी मसुदे टाइप करतो, आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यापासून हात रिकामा नसतो. तेव्हा बोलतोच.

पहिला दावा अर्धा खरा, म्हणूनच जास्त घातक. मधलं काढलं तरी वाक्य मोडत नाही, हे कबूल. पण अर्थ? परवा एका आजोबांच्या मृत्युपत्राचा मसुदा आला: 'माय सन, हू लिव्हज इन कागल, शॅल गेट द हाउस'. स्वल्पविराम नातवानं शोभेसाठी घातलेले. याचा अर्थ मुलगा एकच, आणि तो राहतो कागलला. आजोबांना मुलगे तीन! स्वल्पविराम नसते, तर तिघांतला कागलचा निवडला गेला असता. मराठीत 'जो मुलगा कागलला राहतो त्याला' म्हटलं की निवड झालीच. आपल्या जो-तोचं काम इंग्रजीत स्वल्पविराम असण्या-नसण्यावर चालतं, म्हणून आपली नजर तिथं जातच नाही.

कॅनडात रॉजर्स आणि अलायंट या कंपन्यांचं केबल टांगायच्या खांबांच्या करारावरून असंच वाजलं. करार पाच वर्षांचा, 'आणि त्यापुढं पाच-पाच वर्षांचा', मग स्वल्पविराम, मग वर्षभराच्या नोटिशीवर रद्द करायची अट. त्या एका स्वल्पविरामानं मधला तुकडा बाजूला पडला आणि अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू, असं तिथल्या दूरसंचार नियामकानं २००६ मध्ये ठरवलं. २००७ मध्ये निकाल फिरला, तोही फ्रेंच मसुदा बघून.

कंसातलं गाळायचंच असेल तर प्रॉमिसरी नोटेवर, म्हणजे पैसे द्यायच्या लेखी वचनावर, गाळून बघा. आकड्यात ५०,०००, पुढं कंसात अक्षरी पाच हजार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, १८८१, कलम १८: दोन्ही जुळलं नाही तर अक्षरी रक्कम धरायची. गेले की पंचेचाळीस हजार!

तिन्ही चिन्हं एकच? डॅशनं तुकडा उठून दिसतो, कंसानं मागं सरकतो. अर्जात डॅशची रांग लावली की साहेबावर खेकसल्यासारखं वाटतं.

पूर्णविरामाचं सोपं आहे. अख्खं वाक्य कंसात असेल तर आत, वाक्याचा तुकडा असेल तर बाहेर.

आजोबांच्या मसुद्यातले दोन्ही स्वल्पविराम मी काढले, मुलाचं नावही घातलं. नातू म्हणाला, "काका, मग टायपिंगचे पैसे कमी होणार का?"