‘नसेत गेला म्हणजे संपलं’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

“रिपोर्टमध्ये पेरिन्यूरल इन्व्हेजन आलं म्हणजे तोंडाचा कॅन्सर नसेतून मेंदूकडे निघाला, शेवटची स्टेज. सुरी लावल्यामुळेच तो नसेत शिरतो. आता रेडिएशन घेऊन उरलेल्या नसा जाळू नका, हळद आणि गोमूत्र सुरू करा.” हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीकडे पोचला. काकांच्या जिभेच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये नेमके हेच शब्द आहेत आणि मावशी आता रेडिएशन पुढे ढकलू या म्हणतेय. म्हणून हे लिहितेय.

रेडिएशन नको, हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कॅन्सरच्या पेशी नसेला (म्हणजे मज्जातंतूला, रक्तवाहिनीला नव्हे) वेढून बसलेल्या किंवा तिच्या आवरणात घुसलेल्या दिसल्या की तो ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ हे शब्द लिहितो. ती नस बहुतेक वेळा बारीकशी असते आणि तुकड्याबरोबर बाहेर आलेली असते. भीती असते ती त्याच वाटेने पुढे सरकून मागे राहिलेल्या पेशींची. त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. रेडिएशन त्यांच्यासाठीच असतं. ते ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. तेवढे दिवस हळद चाटण्यात गेले तर ती वेळ परत आणून कोण देणार? मेसेज लिहिणारा? त्रास होतो, ते नाकारत नाही. तोंड आतून सोलवटतं, लाळ आटते, चव जाते, वरणभातही गिळवत नाही. पण कॅन्सर परत उगवला तर याहून कितीतरी जास्त भोगावं लागतं.

आता सुरीचं. तेव्हा परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. सुरुवातीच्या अवस्थेतले, मानेत गाठ न लागणारे रुग्ण. एका गटाच्या मानेतल्या लसिकाग्रंथी (कॅन्सर पसरतो त्या बारीक गाठी, लिम्फ नोड) तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, दुसऱ्याच्या पुढे कॅन्सर मानेत दिसला तरच. 3 वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. सुरीने कॅन्सर पसरत असता तर जास्त कापलेला गट आधी गेला असता.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नसेत शिरलेला कॅन्सर जास्त चिवट असतो. तो त्याच जागी परत येण्याची, मानेत उतरण्याची शक्यता वाढते आणि जगण्याचं प्रमाण घटतं. पण असे कॅन्सर बरेचदा मुळातच खोल गेलेले असतात, त्यामुळे सगळं खापर एकट्या नसेवर फोडता येत नाही. स्टेज ठरते आकार, खोली, गाठी आणि दूरचा फैलाव यांवर. नसेच्या या शेऱ्याने ती बदलत नाही. खालच्या जबड्यातल्या मोठ्या नसेतून कॅन्सर कवटीच्या तळाकडे सरकू शकतो, पण ते क्वचित. तेव्हा ओठ-हनुवटी बधिर होऊ शकते आणि शंका आली तर एमआरआय करतात.

हळद भाजीत घाला. गोमूत्राने तोंडाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही.

मावशीला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिलेत: नस बारीक होती की मोठी, कापलेल्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती गाठींत सापडला, रेडिएशनसोबत किमो लागेल का. त्याआधी काकांना दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, कारण काढण्याजोगे किडके दात रेडिएशनपूर्वीच काढावे लागतात.